फेडर आपोआप सरकत नाही

"म्हाताऱ्याचे कान गेले आता. किती दिवस सांभाळून घ्यायचं?"

हे वाक्य माझ्या हेडफोनमध्ये आलं. स्टुडिओचे मालक आणि क्लासचे संचालक काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत उभे होते आणि सकाळच्या लेक्चरनंतर तिथला माइक बंद करायचा राहून गेला होता. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते चाचा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ओल्या रुमालाला बोटं पुसत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. हेडफोन एकच होता आणि तो माझ्या कानांवर होता.

मी हात पुढे करून त्या माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली ओढला. आवाज बंद झाला. काचेपलीकडे मालकांचे ओठ हलतच राहिले.

"काय झालं बेटा?" चाचांनी विचारलं.

"काही नाही. माइक चालू राहिला होता."

चाचांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. जे झालं ते माझ्यामुळे, आणि हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. तेव्हा उठून काचेपलीकडे जायचं तर दहा पावलांचं अंतर होतं. मी गेले नाही.

मी मूळची नांदेडची. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि दहावीनंतर डॉक्टर व्हायला लातूरला पाठवलं. तेव्हा नांदेडहून, परभणीहून, पार जळकोट-देवणीकडून मुलं लातूरला येत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लास, त्यांच्यामध्ये मेस, मेसच्या वर वसतिगृहं, आणि प्रत्येक चौकात मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. मी तिथे दोन वर्षं काढली. शंका विचारायला वेगळी खिडकी असायची. तिथे रांगेत मी कितीदा तरी उभी राहिले आणि माझा नंबर आला की वही मिटून परत फिरले. दोन्ही वर्षं मार्क आले नाहीत. त्याच सुमारास क्लासने लेक्चरं रेकॉर्ड करून विकायला सुरुवात केली होती. झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर हा स्टुडिओ होता आणि तिथल्या संगणकातल्या इंग्रजी सूचना वाचून काम करणारं कुणीतरी मालकांना हवं होतं. मी लागले. वडील नातेवाइकांना सांगत, "पोरगी लातूरला क्लासमध्येच आहे." ते अगदी खोटं नव्हतं.

चाचाही नांदेडचेच. चाळीस वर्षं त्यांचा माइकसेटचा धंदा होता. लग्न, उरूस, गणपती, जयंती, कुठेही भोंगे बांधायचे आणि मिक्सरवर स्वतः बसायचे. मालकांनी त्यांना लातूरला आणलं ते त्यांच्या कानासाठी. पण संगणक आला आणि चाचा अडले. माउस त्यांना कधी जमला नाही. "आवाज बोटानं उचलायचा असतो, टिचकीनं नाही," असं म्हणून ते खुर्ची मागे सरकवायचे.

म्हणून मालकांनी ती पेटी आणली. मोठ्या ताटाएवढी, राखाडी रंगाची, वर नऊ फेडर. दिसायला मिक्सर, पण तिच्यातून आवाज जात नाही. आवाज सगळा संगणकात. पेटीवरचा फेडर सरकवला की पडद्यावरचा फेडर सरकतो, इतकंच तिचं काम. मला नवल वाटलं ते तिच्या दुसऱ्याच गोष्टीचं. तुम्ही फेडर धरून हलवत राहिलात तर संगणक ती हालचाल लिहून ठेवतो. बोट उचललं की फेडर आपल्या जुन्या जागी परत जातो. आणि पुन्हा गाणं लावलं की आतल्या मोटारींमुळे फेडर आपोआप सरकू लागतात, तुम्ही जसे सरकवले होते अगदी तसे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चाचा खुर्चीवरून उठून उभेच राहिले. "या अल्ला. हा तर माझाच हात हाय!"

पण पहिले आठ दिवस पेटी त्यांना जुमानेना. त्या फेडरला बोटाचा स्पर्श कळावा लागतो. चाळीस वर्षं वायरी सोलून आणि कथलाचे डाग देऊन चाचांच्या बोटांची टोकं दगडासारखी झाली होती. ते फेडर वर न्यायचे, पेटीला वाटायचं कुणी धरलेलंच नाही, मोटार तो पुन्हा खाली ढकलायची. "देखो, देखो, ढकल रई मेरेकू! सासूसारखी हाय ही." मी माहिती शोधली. बोट ओलसर असेल तर स्पर्श कळतो असं निघालं. तेव्हापासून त्यांच्या मांडीवर ओला रुमाल असायचा. फेडर धरण्याआधी ते बोट रुमालाला लावायचे, पान लावणारा चुन्याला लावतो तसं.

आमचं काम बहुतेक लेक्चरांचं. सर फळ्याकडे वळले की आवाज पडायचा, पुन्हा मुलांकडे वळले की चढायचा. क्लासची अट एकच होती: आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. मुलं ते मोबाइलवर, मेसच्या गोंगाटात ऐकणार. चाचा फेडर धरून सरांच्या बरोबरीनं वर-खाली करत जायचे. काम चांगलं व्हायचं. पण पडद्यावर त्यांच्या हाताची रेघ उमटायची ती बालाघाटाच्या डोंगररांगेसारखी, आणि ती मला बघवायची नाही. दुपारी चाचा नमाजला आणि जेवायला गेले की मी माउस घेऊन त्या रेघेची दातेरी टोकं पुसायची आणि ती गुळगुळीत करायची. काम दहा मिनिटांचं.

ते परत येऊन ऐकायचे. फेडर आता संथ, न थरथरता सरकायचे. चाचा खूश. "बघ बेटा, मशीन माझा हात सुधारून घेते. हुशार हाय."

पहिल्या दिवशी मला हसू आलं आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग महिना गेला. आजोबांच्या वयाच्या माणसाला, तुमचं काम मी रोज पुन्हा करते, हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला सुचलं नाही. वर्ष उलटल्यावर तर सांगण्यासारखं काही आहे हेच मी विसरले.

शाहीर आले ते भूकंपाच्या आठवणीचा दिवस जवळ आला होता तेव्हा. औशाकडचं त्यांचं गाव त्या पहाटे पडलं होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. गाव उठून नव्या जागी वसायच्या आधी लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि तिथे शाहिरांनी एक गाणं रचलं. जलशातल्या त्यांच्या जोडीदारांपैकी निम्मे उरले नव्हते. ते गाणं गावोगाव गेलं. लोकांनी उचललं, गाणाऱ्यांनी कॅसेटी काढल्या. आणि प्रत्येकानं शेवटचं कडवं गाळलं. अशा गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. ते कडवं गेलं की गाणं कुणाचंही होतं.

"आता लोक मलाच सांगत्यात," शाहीर आमच्याकडे चहा पिता पिता म्हणाले, "बाबा, हे गाणं लई जुनं हाय, पार पूर्वीच्या लोकांचं. म्या म्हनलं, हाव, तेवढा जुना म्या हायेच."

सगळे हसले. शाहीर सगळ्यांत जास्त हसले आणि मग त्यांनी कप खाली ठेवला.

संचालक त्याच भागातले. आठवणीच्या दिवशी हॉलमध्ये मुलांना हे गाणं ऐकवायचं आणि क्लासच्या चॅनेलवर टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. "तुमचं नाव आम्ही खाली लिहू बाबा, निवेदनात घेऊ," ते म्हणाले.

"लिव्हायचं ऱ्हाऊ द्या, सायेब. लिव्हलेलं कोन वाचतंय? गान्यात येतंय, तेवढं ऐकू येऊ द्या. आजवर कुनी येऊ दिलं न्हाई."

मी कोपऱ्यात वायरी गुंडाळत होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी सकाळपुरती होते. हार्मोनियम, ढोलकी, शाहीर आणि मागे ध्रुपद धरायला गावातल्या दोन बायका. माइक लावून दिले आणि दुपारच्या गाडीनं मी नांदेडला गेले, मामेबहिणीचं लग्न होतं. दोन दिवसांनी परत आले तर चाचांनी गाणं मिक्स करून ठेवलेलं. चाचा जेवायला गेले होते. मी पडदा उघडला.

शाहिरांच्या आवाजाच्या रेघेत शेवटी एक टेकडी होती. एकदम वर, क्षणभर तिथेच, मग सावकाश खाली. आणि बरोबर त्याच जागी मागच्या बायकांच्या रेघेत खड्डा. मला वाटलं, हात सटकला. चाचांना एकाच वेळी दोन फेडर धरावे लागले असतील. मी टेकडी कापली, खड्डा भरला, रेघ सरळ केली. फाइल काढली आणि क्लासला पाठवून दिली.

मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. पाहिलं होतं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. शेवटच्या कडव्यात त्या दोघी सवयीनं ध्रुपद लवकर उचलायच्या. इतकी वर्षं शेवटच्या कडव्याविना गायल्यामुळे त्यांना नावासाठी थांबायची सवयच नव्हती. शाहिरांचं नाव त्यांच्या आवाजाखाली जात होतं. चाचांनी दोन्ही बोटं ओली केली, एका हातानं शाहिरांचा आवाज उचलला, दुसऱ्यानं बायकांचा दाबला, नाव होईपर्यंत धरलं आणि मग सोडलं. पुन्हा लावून ऐकताना नाव आल्याबरोबर फेडर आपसूक वर गेला, तेव्हा शाहिरांनी त्या पेटीला हात जोडले. चाचा म्हणाले, "मशीनला काय जोडता बाबा. हा रिवाज हाय. नाव आलं आन् मिक्सरवाल्यानं आवाज नाही उचलला तर पूर्वी लोक आमाला जेवायला वाढत न्हवते."

मला हा रिवाज ठाऊक असायला हवा होता. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, आमच्या घरी दिवसभर गाणी लागायची. शेवटचं कडवं आलं की वडील हात वर करायचे, म्हणजे सगळ्यांनी गप्प. आणि मग गाण्यातलं नाव ते गायकाच्या बरोबरीनं म्हणायचे. त्या महिन्यात मी शाळेतल्या मैत्रिणींना घरी येऊ देत नसे. गाणी चालू असताना आतल्या खोलीत दार लावून इंग्रजी निबंध पाठ करत बसायची. वडिलांचा वर झालेला हात मी दाराच्या फटीतून कितीदा पाहिला असेल. तो कशासाठी वर होतो हे एकदाही विचारलं नाही.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मुलं तिथेही मांडीवर वह्या घेऊन गणितं सोडवत होती. शाहीर पहिल्या रांगेत, कोरा पटका बांधून. गाणं सुरू झालं तशा वह्या हळूहळू मिटल्या. माझ्या शेजारची एक मुलगी रडत होती. मला बरं वाटलं. आवाज कसा एकसारखा होता.

शेवटचं कडवं आलं. शाहीर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा आवाज आला, एक शब्द, दुसरा, आणि मग मोठ्या स्पीकरमधून दोन्ही बायकांचा आवाज लाटेसारखा आला. नाव त्याच्याखाली गेलं. शाहीर तसेच पुढे झुकून राहिले, जणू ते अजून यायचं आहे. गाणं संपलं.

सूत्रसंचालकानं गाणं आदल्या दिवशी ऐकून टिपण काढलेलं होतं. नाव त्यालाही ऐकू आलेलं नसणार. लिहून देऊ नका असं शाहिरांनीच सांगितलेलं, म्हणून त्याला कुणी लिहूनही दिलं नव्हतं. तो म्हणाला, "आपल्या मातीतलं हे एक पारंपरिक गीत." टाळ्या झाल्या. शाहिरांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी आल्या आल्या ते गाणं पेटीवर लावलं. मी शेजारी. फेडर सरकत होते, थोडे वर, थोडे खाली. शेवटचं कडवं आलं आणि सगळे फेडर जागच्या जागी राहिले. चाचांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. शाहिरांच्या फेडरवर त्यांनी बोट ठेवलं, दाबलं नाही, नुसतं ठेवलं.

"बेटा, मी हे उचललं होतं. मशीन खुदच मिटवते का असं?"

त्यांना खरंच विचारायचं होतं. माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही नव्हतं.

"कधी कधी करते, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

नाव का बुडालं म्हणून मालकांनी विचारलं तेव्हा चाचांनी तेच सांगितलं. "मशीननं मिटवलं." मालक संगणक जाणणारे. "मशीन कसं मिटवील चाचा? फेडर काय आपोआप सरकतो? तुम्हाला नीट ऐकू आलं नसंल." चाचा माझ्याकडे वळले. मी पडद्याकडे बघत होते, पडद्यावर काही नव्हतं. त्या दिवसापासून कान गेल्याचं बोलणं सुरू झालं. कान गेले म्हणून नव्हे, तर माझं वाक्य त्यांनी खरं मानून पुढे सांगितलं म्हणून.

काचेपलीकडून ते बोलणं माझ्या हेडफोनमध्ये आलं त्यानंतर चाचा जेमतेम आठवडाभर राहिले. काढून टाकायची वेळ त्यांनी मालकांवर येऊ दिली नाही. जायच्या दिवशी ते पेटीवर कापड टाकत म्हणाले, "हिला माझं बोट पसंत नाही बेटा. पहिल्या दिवसापासून ढकलून राहिली होती. नांदेडला भावाच्या दुकानात बसतो आता." मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. रिक्षात बोलायला वेळ होता. रस्ता खोदलेला होता, रिक्षा हळू चालली होती. चाचांनी मला घरच्यांची खुशाली विचारली. मी सांगितली.

ते गेल्यावर मी ते गाणं पुन्हा उघडलं. या वेळी माउस घेतला नाही. माझी बोटं मऊ, फेडरला लगेच कळतात, रुमाल लागत नाही. तरी मला ते जमेना. मी नाव आलं की उचलायची, तोवर नावाचं पहिलं अक्षर बुडालेलं असायचं. मग कळलं की उचलायचं ते नाव नाही, त्याआधीचा शाहिरांचा श्वास. श्वासाबरोबर हात गेला तर नाव पूर्ण येतं. दोन दुपारी त्यात गेल्या. शेवटी जे आलं ते बरं होतं. चाचांच्या टेकडीसारखं नव्हतं. ती मी पुसून टाकली होती आणि तिची नक्कल कुठेही ठेवलेली नव्हती.

नवी फाइल मी मालकांना दिली. त्यांनी ती क्लासला पाठवलीही. "आता कशाला?" असं उत्तर आलं. पहिलं गाणं फोनाफोनी फिरून कुठल्या कुठे गेलं होतं. नांदेडला आमच्या वडिलांच्या फोनवरसुद्धा ते आलं. "चांगलं झालंय," ते म्हणाले. "शेवटी नाव कुणाचं हाय ते तेवढं कळंना गेलं."

त्यांनाही मी काही सांगितलं नाही.

मग एके दुपारी स्टुडिओचा फोन वाजला. मालक समोरच्या टेबलाशी बसून पुढच्या आठवड्याचं लेक्चरांचं वेळापत्रक लावत होते. त्यांनी मानेनंच मला उचलायला सांगितलं.

"ते चाचा हायेत का?" आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. तो मी दोन दुपारी पुन्हा पुन्हा ऐकला होता.

"नाहीत. ते नांदेडला गेले."

"कायमचं?"

"हो."

मग शाहीर म्हणाले, "तुमी कोन, बाई?"

"मी इथं काम करते."

"मंग त्यास्नी माजा एक निरोप द्या. म्हनावं, म्या रागावलो न्हाई. लोकांनी सांगितलं, त्याच्या हातनं ऱ्हायलं म्हून. ऱ्हातंय की. मान्साचाच हात हाय. इतक्यांनी मुद्दाम गाळलं, त्यास्नी म्या काय केलं? आन् ह्यो तर भला मानूस, बिचारा मनाला लावून घेतला आसंल. म्हनावं, शाहिराच्या मनात काय बी न्हाई. सांगसाल न्हवं?"

"हो, सांगते," एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. असे कितीतरी फोन मी तसेच ठेवले आहेत. मालक कागदावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते, एवढा वेळ कुणाचा फोन म्हणून.

"बाई? हायेत का?"

"बाबा," मी म्हणाले, आणि स्वतःचा आवाज मला फार मोठा वाटला, "चाचांनी तुमचं नाव वर उचललं होतं. मशीननं काही केलं नाही. ते मी खाली आणलं."